प्रार्थनेला उत्तर मिळतं हे वचन खरंच पाळलं जातं का?

रानजाई

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. आधीच सांगते, देव आहे की नाही यावर इथे ढीगभर धागे पडलेत, तो वाद कृपया तिकडेच घाला. माझा प्रश्न त्यापेक्षा लहान आहे. येशूने प्रार्थनेबद्दल जी वचनं दिली ती जशी लिहिली आहेत तशी घेतली तर खरी ठरतात का?

बायबलमधलं मार्क ११:२४ घ्या. प्रार्थनेत जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा म्हणजे ते मिळेल. "जे काही". योहान १४:१४, माझ्या नावाने काही मागाल तर मी ते करीन. मत्तय १८:१९, पृथ्वीवर दोघं एकमत होऊन काही मागतील तर ते होईल. सगळीकडे अट म्हणावी तर विश्वासाची, आणि तोही मोहरीच्या दाण्याएवढा पुरतो असं मत्तय १७:२० मध्ये आहे. मोहरीपेक्षा कमी विश्वास असलेला माणूस मुळात प्रार्थनेला बसेलच कशाला?

आता प्रत्यक्षात बघा. दोघं सोडा, अख्खी मंडळी (म्हणजे चर्च) एकमताने उपवास-प्रार्थना करते आणि तरी माणूस जातो. मग कारणं सुरू. विश्वास कमी पडला, घरात कुठेतरी पाप लपलंय, देवाची वेळ आली नव्हती, देवाची इच्छा वेगळी होती, आणि सगळ्यात लाडकं म्हणजे 'नाही हेही एक उत्तरच आहे'. विम्याच्या पॉलिसीसारखं झालंय हे, वचन ठळक अक्षरात आणि अटी मागच्या पानावर बारीक टायपात, त्याही क्लेम नाकारल्यावर वाचायला मिळतात.

म्हणून विश्वास ठेवणाऱ्यांना सरळ प्रश्न. नेमकं काय घडलं असतं तर तुम्ही म्हणाला असता की इथे वचन पाळलं गेलं नाही? असं काही घडूच शकत नसेल तर मग ते वचन कसलं?

कोपरा

वाचतोय. शंभरी गाठणार हा धागा.

साधा_विश्वासी

ताई, तुमचा सूर आवडला, टिंगल नाहीये म्हणून लिहितोय. पण अटी मागच्या पानावर आहेत हे मान्य नाही. त्या त्याच पुस्तकात उघड लिहिल्यात. १ योहान ५:१४ म्हणतं की आपण त्याच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर तो ऐकतो. याकोब ४:३, तुम्ही मागता पण चैनीसाठी मागता म्हणून मिळत नाही. योहान १५:७, तुम्ही माझ्यात राहिलात आणि माझी वचनं तुमच्यात राहिली तर मागा. एकच वचन उचलायचं आणि बाकीची झाकून ठेवायची हे कुठल्याही पुस्तकाच्या बाबतीत चुकीचंच.

आणि 'माझ्या नावाने' म्हणजे शेवटी येशूच्या नावाने आमेन म्हटलं की झालं असं नाही, तो जे मागेल ते मागणं. आमच्यातले पण निम्मे लोक तो शिक्का समजतात हे खरंय.

रानजाई

@साधा_विश्वासी, मान्य, त्या अटी आहेत. पण बघा हं, योहानाचं पहिलं पत्र अभ्यासक साधारण पहिल्या शतकाच्या शेवटाकडे नेतात, मार्कचं शुभवर्तमान ७० सालाच्या आसपास. म्हणजे "जे काही मागाल ते" आधी लिहिलं गेलं आणि "त्याच्या इच्छेप्रमाणे मागितलं तर" नंतर. माझा अंदाज असा की पहिल्या दोन पिढ्यांनाच अनुभव आला असणार की सगळं मिळत नाही, तेव्हाच ही भाषा जपून वापरायला सुरुवात झाली. सिद्ध करता येणार नाही मला, पण तसं वाटतं खरं.

शिवाय 'त्याच्या इच्छेप्रमाणे' ही अट घातली की उरतं काय? जे होणारच होतं ते मागितलं तर मिळेल.

पेरणी

रानजाई, तुमच्या अंदाजात एक अडचण आहे. अनुभवाने भाषा बदलली असेल तर मार्क स्वतःच तीन अध्याय पुढे गेथशेमाने, म्हणजे अटकेच्या आधीची येशूची प्रार्थना, कशाला लिहितो? ११व्या अध्यायात "जे काही मागाल ते" म्हणणारा येशू १४व्या अध्यायात स्वतः जमिनीवर पडून मागतो की हा प्याला, म्हणजे समोरचं मरण, माझ्यापासून दूर कर, आणि प्याला दूर होत नाही. विश्वास कमी होता म्हणायची कोणाची टाप आहे? आणि हे लपवायला मार्कला काहीच अडचण नव्हती, तिथे शिष्य झोपलेलेच होते.

पुढे प्रेषित पौल. शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनंती केली, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे (२ करिंथ १२). त्रफिम या सोबत्याला आजारी अवस्थेत मिलेत शहरात सोडून आलो असं २ तीमथ्याच्या शेवटी एका ओळीत आहे, ना स्पष्टीकरण ना दिलगिरी. त्याचा शिष्य तीमथ्य, त्याच्या पोटाच्या तक्रारीला पौलाच्या नावाने सल्ला काय, तर थोडा द्राक्षारस घेत जा. प्रार्थनासभा ठेव असं नाही लिहिलं 😄 दावीद राजा सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला तरी मूल गेलंच. इब्री लोकांच्या पत्राच्या ११व्या अध्यायात काही जण विश्वासाने तलवारीच्या धारेतून वाचले आणि काही जण विश्वासानेच करवतीने चिरले गेले, दोन्ही एकाच यादीत, आणि शेवटी स्पष्ट म्हटलंय की यांना वचनाप्रमाणे मिळालं नाही.

माझं म्हणणं इतकंच की जे पुस्तक वचन देतं तेच पुस्तक स्वतःच्या विरुद्धचा पुरावा फाइलला लावून ठेवतं. त्यामुळे वचनाचा अर्थ 'मागितलेली वस्तू हातात पडेल' एवढाच असता तर लिहिणाऱ्यांना ते जमत नाहीये हे दिसलंच असतं.

शंकासुर

किंवा लिहिणारे वेगवेगळे होते आणि कोणी कोणाचं तपासून बघितलं नाही. साधं उत्तर.

पेरणी

@शंकासुर वेगवेगळ्या पुस्तकांना लागू पडेल. मार्कचे दोन्ही अध्याय एकाच माणसाने लिहिलेत.

आकडेमोड

प्रतिसाद सगळे छान पण अजून आकडे कोणी काढले नाहीत म्हणून मी काढतो. लांब होईल, सहन करा.

हा विषय मोजायचा पहिला गाजलेला प्रयत्न फ्रान्सिस गाल्टनचा, १८७२. त्याचा युक्तिवाद खोडसाळ होता. इंग्लंडमध्ये दर रविवारी चर्चमधून राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते, मग राजेलोक जास्त जगायला हवेत. त्याने सरासरी काढली तर सधन वर्गांत राजेच सगळ्यात कमी जगत होते, ६४ च्या आसपास, वकील-डॉक्टर-पाद्री सगळे त्यांच्या पुढे. आता त्या प्रार्थना किती मनापासून होत होत्या हा भाग सोडा.

मग १९८८, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉस्पिटलच्या हृदयरोग विभागातले ३९३ रुग्ण, बर्ड नावाचे डॉक्टर. अर्ध्यांसाठी बाहेरचे ख्रिस्ती लोक प्रार्थना करत होते, रुग्णांना आपण कुठल्या गटात ते माहीत नव्हतं. दोन डझनांहून जास्त बाबी तपासल्या आणि सहा बाबतीत प्रार्थनेचा गट बरा निघाला. हा अभ्यास प्रवचनांमधून अजून फिरतो. पण इतक्या बाबी तपासल्या की काही नुसत्या योगायोगानेही बऱ्या निघतात, आणि मृत्यू किंवा हॉस्पिटलात राहायचे दिवस यात फरक नव्हता, ते मात्र कोणी सांगत नाही.

यातला एक मोठा अभ्यास २००६ चा, बेन्सन आणि मंडळी. सहा हॉस्पिटलं, बायपासचे १८०२ रुग्ण, तीन गट. प्रार्थना होतेय पण नक्की माहीत नाही त्यांच्यात गुंतागुंत ५२ टक्के, प्रार्थना नाही आणि तेही माहीत नाही त्यांच्यात ५१ टक्के, आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय' असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्के. हो, जास्त. संशोधकांचा अंदाज असा की सांगितल्यामुळे रुग्ण घाबरले असतील, आपली केस इतकी वाईट आहे का की प्रार्थनेची टीम लावली. पैसा धर्म आणि विज्ञान यांवरच्या संशोधनाला मदत करणाऱ्या टेम्पल्टन फाउंडेशनचा होता, म्हणजे धर्माचं वावडं असलेल्यांनी केलेला अभ्यास नव्हे हा.

२००९ मध्ये वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी असे १० अभ्यास आणि साडेसात हजारांवर रुग्ण एकत्र करून पाहिले. ठोस परिणाम दिसत नाही आणि यावर आणखी चाचण्या करण्यात अर्थ वाटत नाही असा निष्कर्ष.

साधा_विश्वासी

@आकडेमोड माहिती उत्तम पण दोन गोष्टी. एक, ज्यांच्यासाठी प्रार्थना 'नव्हती' त्यांच्या बायका-मुलं काय घरी गप्प बसली होती का? प्रार्थना न झालेला गट मिळणारच कुठून? दोन, अनोळखी माणसाचं नुसतं पहिलं नाव घेऊन ठरवून दिलेलं वाक्य म्हणायचं, याला शास्त्रात कुठे वचन दिलंय? देवाची परीक्षा पाहू नको हे तर खुद्द येशूने सैतानाला सुनावलंय.

आकडेमोड

पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर, या सगळ्या अभ्यासांची ती दुखरी नस आहे. ते फार तर इतकंच मोजतात की बाहेरच्यांच्या जादा प्रार्थनेने जादा फरक पडतो का.

दुसरा मात्र सोयीचा वाटतो. खरा देव कोण हे ठरवायला एलिया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर काय केलं? दोन बैल, दोन वेद्या, दोन्हीकडे विस्तव लावायचा नाही, वर आपल्या वेदीवर पाणी ओतून घेतलं कोणी लबाडी म्हणू नये म्हणून. याहून स्वच्छ चाचणी मी जर्नलमध्ये पाहिली नाही. मलाखी ३:१० मध्ये तर दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) आणा आणि मला पारखून पाहा असं देवच म्हणतो, ते वचन वर्गणीच्या वेळी बरं आठवतं सगळ्यांना.

कोपरा

शेवटचं वाक्य 😂😂 +१

पाऊलखुणा

जॉर्ज म्यूलरचं नाव अजून कसं नाही आलं? ब्रिस्टलला १८३६ मध्ये अनाथाश्रम सुरू केला, आयुष्यभरात दहा हजारांच्या आसपास मुलं सांभाळली, आणि कधी कोणाकडे पैसे मागितले नाहीत, फक्त प्रार्थना. कधी काय मागितलं आणि कधी आलं ते लिहून ठेवलंय. हे पण आकड्यांतच बसतं की.

आकडेमोड

म्यूलरबद्दल आदर आहे, माणूस प्रामाणिक होता. पण त्याचे वार्षिक अहवाल छापून वाटले जायचे आणि त्यात 'आज सकाळी घरात काही नव्हतं, दुपारपर्यंत अमुक रक्कम आली' असं असायचं. मागणी केली नाही हे खरं, पण वाचणाऱ्याला गरज कळत होतीच. आणि असंच विश्वासावर काम सुरू करून जे बुडाले त्यांची चरित्रं कोण लिहितो?

पाऊलखुणा

त्याची पहिली पत्नी १८७० मध्ये वारली, तिच्यासाठीही प्रार्थना केलीच होती, आणि अंत्यविधीला प्रवचन त्यानेच दिलं. म्हणजे न मिळालेलं उत्तर त्याच्याही वाट्याला आलं आणि तो काही दुकान बंद करून गेला नाही. एवढं नोंदवून थांबतो.

मध्यरात्र

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही.

तुम्ही सगळे वचनं आणि अभ्यास बोलताय, मी 'विश्वास कमी पडला' या वाक्याबद्दल बोलते, कारण ते आमच्या घरात राहून गेलंय. आईला डायबेटिस, पायाला जखम झाली, भरेना. ती ज्या फेलोशिपला (प्रार्थनेच्या गटाला) जायची तिथे शिकवण अशी की बरं होणं तुला आधीच मिळालंय, आता फक्त तोंडाने कबूल कर, आणि आजारी आहे असं चुकूनसुद्धा म्हणू नको कारण ती उलटी कबुली होते, सैतानाला जागा मिळते. मार्क ११:२४च, तेच वचन. गोळ्या बंद करा असं कोणी म्हणालं नाही हं, तेवढे ते हुशार होते.

डॉक्टरांनी पट्टी सोडून जखमेच्या कडेला दाबलं आणि विचारलं दुखतं का. ती म्हणाली नाही, मी बरी झालेय. मी बाजूलाच उभी होते, तिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं होतं की नखं रुतली. परत विचारलं रात्री ठणकतं का, ताप येतो का. नाही, प्रभूच्या कृपेने काही नाही. डॉक्टर जे ऐकलं तेच लिहिणार ना. ताप रोज येत होता. मी सांगायला तोंड उघडलं तर डोळ्यांनी गप्प केलं मला.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर फेलोशिपमधले दोघं भेटायला आले, खुर्चीत बसून अगदी मायेने म्हणाले की घरात कोणाच्या तरी मनात शंका होती. आणि माझ्याकडे बघितलं.

वचन खरं की खोटं मला माहीत नाही. ते वाक्य बोलायची मुभा कोणी दिली एवढं सांगा.

रानजाई

काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत त्याबद्दल आभार.

आकडेमोड

@मध्यरात्र हे तुमच्या एका घरातलं नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये एक पाहणी आली होती, श्रद्धेपायी उपचार न मिळालेल्या मुलांचे १९७५ ते १९९५ मधले १७२ मृत्यू तपासले. त्यातली १४० मुलं अशा आजारांनी गेली की साध्या उपचारांनी जगायची शक्यता ९० टक्क्यांच्या वर होती.

पेरणी

मुभा कोणी दिली? कोणीही नाही, आणि हे मी विश्वास ठेवणारी म्हणून रागाने लिहितेय.

योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाकडे बघून नेमकं हेच विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो कोणाचंच नाही. संकटांनी घेरलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पानंच्या पानं हेच सुनावलं की तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला आपल्याला बरं कोणी केलं हेसुद्धा माहीत नव्हतं, त्याचा विश्वास कुठून मोजणार? महायाजकाच्या ज्या नोकराचा कान कापला गेला तो तर येशूला धरायला आला होता, त्याचा कान बरा झाला. आणि मार्क ९ मधला तो बाप, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका म्हणणारा, अर्धा विश्वास अर्धी शंका घेऊन आला आणि मुलगा बरा झाला. "घरात कोणाच्या तरी मनात शंका होती" हा नियम असता तर तो मुलगा तसाच राहिला असता.

तुमच्या घरी जे आले त्यांनी वचनाची अब्रू वाचवायला तुम्हाला पुढे केलं.

रानजाई

पेरणी, सगळं पटलं, फक्त येशूचं गाव नासरेथ राहिलं. मार्क ६ मध्ये तिथे त्याला फारसं काही करता आलं नाही आणि त्यांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं असं आहे. याकोब १:६-७ तर थेट म्हणतो की शंका धरणाऱ्याला प्रभूपासून काही मिळेल असं त्याने समजू नये. त्या फेलोशिपवाल्यांनी हे हवेतून नाही आणलेलं.

पेरणी

हो, आहे. याकोबाचं ते वाक्य शहाणपण मागण्याबद्दल आहे, आजाराबद्दल नाही, पण नासरेथचं मला गुळगुळीत करून सांगता येत नाही. एवढंच म्हणेन की याच याकोबाने आजारी माणसाबद्दल लिहिलं तेव्हा विश्वासाची प्रार्थना मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे पुढाऱ्यांनी, करायची असं लिहिलं. त्यांना बोलवायचं, त्यांनी तेल लावायचं. तिथे काही झालं नाही तर जाब कोणाला विचारायचा? खाटेवरच्याला तर नक्कीच नाही.

दोन_रकाने

मी प्रार्थनेची वही ठेवायचो. डावीकडे मागितलं, उजवीकडे तारीख, मिळालं की बरोबरची खूण. वही चाळली की छान वाटायचं, खुणा भरपूर. मग एकदा नीट बघितलं तर खुणा बहुतेक अशा ठिकाणी, जिथे गोष्ट एरवीही झाली असती, परीक्षा, प्रवास, सर्दी-ताप. जड गोष्टींपुढे रकाना रिकामा, किंवा 'थांब' असं लिहिलेलं, आणि ते 'थांब' मीच लिहिलेलं. देवाने नाही.

गंमत म्हणजे मी अजून प्रार्थना करतो. वही बंद केली.

शंकासुर

@दोन_रकाने मग करता कशाला? खोचक नाही, खरंच विचारतोय.

दोन_रकाने

न करता राहवत नाही म्हणून. यावर धागा काढू नका आता.

साधा_विश्वासी

रानजाईताईंच्या मूळ प्रश्नाला अजून कोणी सरळ उत्तर दिलेलं नाही, मीही टाळलंच, तर देतो. काय घडलं असतं तर वचन मोडलं म्हणालो असतो? लूक ११ मध्ये मासा मागितला तर साप कोण देईल, अंडं मागितलं तर विंचू कोण देईल असं आहे, आणि त्याचा शेवट मत्तयात 'चांगल्या देणग्या देईल' असा आहे तर लूकमध्ये 'पवित्र आत्मा देईल' असा. मी लूकवर उभा आहे. देव सोबत राहील एवढंच मी वचन समजतो. ते मोडलं असं केव्हा म्हणेन, तर मनापासून हाक मारणारा माणूस शेवटपर्यंत पूर्ण एकटा राहिला तर.

मध्यरात्र

तशी माणसं आहेत.

साधा_विश्वासी

माहीत आहे. म्हणून माझा दावा सुरक्षित नाही एवढं तरी मान्य करा. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तेही त्याच पुस्तकात आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

रानजाई

हे पहिलं उत्तर ज्याला मी उत्तर म्हणेन. पण मग त्याचा हिशोब दुसऱ्या बाजूनेही करा ना. बरं होणं हा वचनाचा भाग नसेल, न मिळाल्यावर वचन मोडत नसेल, तर मिळाल्यावर ते सिद्धही होत नाही. मग सभेत साक्षी कसल्या देता? ट्यूमर गेला, नोकरी लागली, प्रेज द लॉर्ड, टाळ्या. तिथे ज्याचा ट्यूमर गेला नाही त्याच्या हातात कोणी माइक देतं का?

साधा_विश्वासी

आमच्याकडे एकदा दिला होता. म्हणजे ठरवून नाही, त्या भावाने हात वर केला आणि त्याला बोलावलं. तो म्हणाला, तुम्ही सगळ्यांनी माझ्या बायकोसाठी वर्षभर प्रार्थना केली, ती गेली, डबे आणून दिलेत त्याबद्दल आभार. एवढं बोलून उभा राहिला. कोणाला आमेन म्हणावं की नाही कळेना. मग पुढे बसलेल्यांपैकी एकाने गाणं सुरू केलं, जरा वरच्या पट्टीत.

रानजाई

आणि नंतर? परत येतो का तो?

साधा_विश्वासी

येतो. शेवटच्या बाकावर बसतो, साक्षीच्या वेळी बाहेर जातो आणि प्रवचनाला परत आत येतो. त्याला कोणी अडवत नाही, विचारतही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता विचारावं म्हणतो.